सुर्वेकाकांचा कॅमेरा आणि सोळा दारं

आमच्या शेजारचे सुर्वेकाका सहा वर्षं कॅमेरा विकत घेत होते. घेतला नव्हता, घेत होते. लग्नाला ते कधी उभेच राहिले नाहीत, त्यामुळे तिकडची सगळी चिकित्सा कॅमेऱ्यासाठी शिल्लक राहिली असावी.

डोंबिवलीच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तयार माल तपासून नापास केला. निवृत्त झाल्यावर नापास करायला घरात कुणी नव्हतं. मग त्यांनी कॅमेरा कंपन्या हाती घेतल्या. एका लांबलचक वहीत तीन रकाने आखले : मेगापिक्सेल, सोयी, किंमत. कंपन्याही तीन. त्यांना ते थोरली जाऊ, मधली जाऊ, धाकटी जाऊ म्हणत.

"थोरलीनं चोवीसचे तेहेतीस मेगापिक्सेल केले," ते मला जिन्यात गाठून सांगत. "मग मधली गप्प बसतेय होय? तिनं पंचेचाळीस काढले! धाकटीला काही जमेना, तर तिनं भावच पाडला."

"मग धाकटीचा घ्या."

"घाई नको. थोरली आता चिडणार."

पंचेचाळीसमध्ये म्हणे माणसाच्या नाकावरचं एकेक छिद्र मोजता येतं. आपल्या इमारतीतल्या नाकांसाठी एवढी उठाठेव कशाला, असं मी एकदा विचारलं. काकांनी आठवडाभर मला जिन्यात गाठलं नाही.

पुढे कोपर स्टेशनजवळची आमची ती इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. सोसायटीच्या सभेत सगळे चौरस फुटांवरून हमरीतुमरीवर आलेले असताना काका उठले. म्हणाले, "इमारत पडण्याआधी मी प्रत्येक कुटुंबाचा त्याच्या त्याच्या दारात फोटो काढणार. सोळा दारं, सोळा फोटो. माझ्यातर्फे." चौरस फूट तेवढ्यापुरते बाजूला पडले.

पण फोटो म्हटला की कॅमेरा आला. सावंत टिटवाळ्याला भाड्याच्या घरात गेले, तेव्हा थोरलीचं नवं मॉडेल महिन्यावर आलं होतं. 'अंधाऱ्या जिन्यातही चेहरा उजळतो त्यात,' म्हणून काका थांबले. कांबळे विठ्ठलवाडीला निघाले, तेव्हा सणाची सूट लागायची होती.

"अहो काका, मोबाईलवर काढा ना पटकन!" कांबळेवहिनी टेम्पोपाशी थांबून ओरडल्या. "पोरं उभी राहतील की दारात."

"वहिनी, मोबाईलवर काढतात तो पुरावा. फोटो वेगळा. एकदा सवडीनं याल ना परत?"

"परत कुठे येतोय? सोमवारी दार उचकटून नेणारेत!"

आणि नेलंच. रिकाम्या झालेल्या घराची दारं-खिडक्या भंगारवाले दोन दिवसांत काढत. इकडे वहीत मेगापिक्सेल वाढत होते, तिकडे दारं कमी होत होती. शेवटी तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर आम्ही आणि काका एवढेच उरलो.

आमचा टेम्पो आला त्या सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर.

"कुठली जाऊ पास झाली?" मी विचारलं.

"चौदा दारं गेली हो माझ्या हातची," ते म्हणाले. "द्या तुमचा मोबाईल."

आम्ही नवरा-बायको आणि आमच्या दोन मुली दारात उभे राहिलो. काकांनी फोटो काढला. मी म्हटलं, "आता तुम्ही राहा तुमच्या दारात उभे, मी काढतो."

"नको. एकटा माणूस उभा केला की फोटोत नुसतं दारच दिसतं." ते जरा घुटमळले. "त्यापेक्षा तुम्ही चौघं उभे राहता का माझ्या दारात? चौतीस वर्षांत तिथे चार माणसं एकदम उभी राहिलेली नाहीत."

आम्ही पलीकडे जाऊन उभे राहिलो. काकांनी मोबाईल हातभर लांब धरला, बराच वेळ बघितलं, आणि मोकळ्या हातानं आम्हाला मागे सरकायची खूण केली.

"आत व्हा थोडे... अजून आत. पाहुणे वाटताय."