सहा चौकोनांचे पाहुणे

जीवन विधाते यांनी फोन बदलला तो गरज म्हणून नाही, अपमान झाला म्हणून. दोन हजार नऊ साली दिवाळीनंतर एका बारशाच्या पंगतीत त्यांचे साडू योगेश यांनी खिशातून काचेची पाटी काढली आणि तिच्यावरून बोट असं काही फिरवलं की शेजारच्या दोन बायका वाढायच्या थांबल्या. मग जीवनरावांच्या हातातल्या फोनकडे पाहून योगेश अगदी प्रेमाने म्हणाले, "भाऊ, तुम्ही अजून बटणंच दाबता?"

झालं! जिलबी घशाखाली उतरेना.

खरं तर जीवनरावांचा फोन चांगला होता. आत सिम्बियन नावाची प्रणाली होती. (हे त्यांना योगेशनेच सांगितलं. तोवर आत बॅटरी असते एवढीच त्यांची समजूत होती.) त्याच्या एक बटण सोडून सगळ्या बटणांवरची अक्षरं शाबूत होती, आणि मुख्य म्हणजे त्याला मराठी यायचं. जीवनराव एकलहऱ्याच्या वीज केंद्रात स्टोअरला वरिष्ठ लिपिक, शिवाय तिथल्या मराठी भाषा समितीचे सचिव. स्टोअरमध्ये कोणी टिपणात इंग्रजी शब्द घातला की त्याला सगळ्यांचा चहा आणायला पिटाळायचे. अशा माणसाने फोनमधली चारशेच्या वर नावं शुद्ध देवनागरीत साठवली होती, ऱ्हस्व-दीर्घ तपासून.

"नवा घेतोय. अँड्रॉइड," त्यांनी घरी जाहीर केलं.

"आधी नंबर वहीत उतरवून घ्या," त्यांची बायको सुवर्णा म्हणाली. ती मखमलाबादच्या फुलबागाईतदारांची लेक. माहेरी फुलांचा सगळा व्यवहार वहीत चालायचा आणि तिचा मशिनपेक्षा वहीवर विश्वास.

"वही? अगं, जग कुठे चाललंय!"

मग एका शनिवारी जीवनरावांनी जुन्या फोनला वायर लावली, ती ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावली, दोनदा कॉम्प्युटर बंद पाडला आणि तिसऱ्या खेपेला सगळी नावं इंटरनेटवर चढवली. लगोलग जुना फोन कोरा करून दुकानात बदलीवर देऊनही टाकला. (आपलं खाजगी कोणाच्या हाती नको. खाजगी म्हणजे दोन फोटो. एक झेंडूच्या वाफ्याचा, दुसरा स्वतःच्या अंगठ्याचा.)

घरी येऊन नवा फोन सुरू केला, नावांची यादी उघडली आणि बघतात तर काय, नावांच्या जागी नुसते चौकोन. रिकामे, आखीव, एकाला एक लागून. कुठे चार, कुठे सात, कुठे अकरा.

"अजून उतरतायत वाटतं," जीवनराव म्हणाले आणि चहा होईस्तोवर थांबले. नंतर जेवण होईस्तोवर थांबले. चौकोन हलले नाहीत.

शेवटी दीपमालाने फोन हातात घेतला. ही त्यांची एकुलती एक लेक, तेवीस वर्षांची, कॉलेजात शिकवत होती. तिने क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, ह्या फोनला मराठी येत नाही. प्रत्येक अक्षराला एक चौकोन काढतोय. काना-मात्रेलासुद्धा."

मराठी भाषा समितीचे सचिव खुर्चीत बसले.

"मी उद्या नेटवरून सगळी यादी छापून आणते. कॉम्प्युटरवर नावं नीट दिसतील."

"काही गरज नाही!" जीवनराव ताडकन म्हणाले. यादी छापायची म्हणजे वहीच झाली की, आणि मग सुवर्णाचा चेहरा बघायचा कोणी? "माझी माणसं आहेत. मी चौकोनांवरून ओळखेन."

आणि त्यांनी खरंच ओळखायला सुरुवात केली. 'सुवर्णा' म्हणजे सात चौकोन. 'गवळी' चार. सोमवारी सकाळी आळस आला म्हणून त्यांनी पाच चौकोनांना, म्हणजे 'साहेब' यांना, फोन लावला आणि क्षीण आवाजात म्हणाले, "पोट बिघडलंय हो. आज काही येणं होणार नाही."

"मंग नका येऊ ना!" पलीकडून मखमलाबादहून त्यांचे सासरे पुंजाराम गरजले. "म्या कुढं बोलावलंय?"

'सासरे' हेही पाचच चौकोन. मग दोघांत फरक काय ते लक्षात ठेवून जीवनरावांनी संध्याकाळी दुसऱ्या पाचांना फोन लावला, "मामा, रविवारी जरा दोन पाट्या शेवंती पाठवा," असं सांगितलं आणि साहेबांनी थंडपणे विचारलं, "विधाते, शेवंतीची मागणी कुठल्या विभागाची?"

एवढ्यावर माणूस शहाणा झाला असता. पण जीवनराव सुशिक्षित होते.

आता दीपमालाला बघायला तीन आठवड्यांपूर्वी मनमाडहून पाहुणे येऊन गेले होते. मुलगा साईनाथ, बँकेत. वडील धोंडीराम जेजुरकर, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. माणसं साधी, मुलगा हसरा. पोहे झाले, दोनदा चहा झाला, "कळवतो" म्हणून गेले आणि कळवलं काहीच नाही. सुवर्णाच्या जिवाला घोर लागला होता. "तुम्हीच करा फोन," ती म्हणाली. "आणि गोड बोला. तुमचं ऑफिस नाही ते."

जीवनरावांनी त्यांचं नाव 'पाहुणे' म्हणून ठेवलं होतं. म्हणजे सहा चौकोन. यादीत सहा-सहा चौकोनांच्या दोन ओळी अगदी एकाखाली एक होत्या. दुसरी ओळ कोणाची? आठवलं, 'प्लंबर'. संडासाची टाकी आठ दिवस गळत होती, गेणू प्लंबर येऊन बघून गेला होता, सुवर्णाने दिलेले पोहे खाऊन "येतो" म्हणाला होता आणि तोही गायब होता.

मग यातला पाहुणे कोण आणि प्लंबर कोण? इथे व्याकरण कामाला आलं. "प्लंबरमधला प अर्धा," जीवनराव मनाशी म्हणाले. "पाहुण्यांमधला पूर्ण. अर्धा आधी, पूर्ण नंतर. म्हणजे वरचा प्लंबर, खालचे पाहुणे." (नेमकं उलटं होतं. पण इतक्या ठामपणे चुकायलाही विद्वत्ता लागते.)

त्यांनी खालचे सहा चौकोन दाबले.

"नमस्कार! मी विधाते, जेल रोडहून."

"हां हां, लक्षात हे माझ्या," पलीकडून गेणू म्हणाला. "मीच येनार व्हतो, पन मधीच दुसरं निघलं."

जीवनराव खुर्चीतून उठलेच. दुसरं स्थळ! "म्हणजे दुसरीकडे बघताय?"

"दोन-तीन ठिकानी बघितलं. पन तुमचं पयलं बघितलेलं हे, त्ये आधी उरकू."

"वा! म्हणजे आमच्याकडचं पसंत... काही अडचण नाही ना?"

"अडचन नाय. जरा जुनं झालंय, पन चालून जाईल."

जीवनरावांना हे लागलं. पण गोड बोलायचं होतं. "जुनं कसं म्हणता? अवघी तेवीस वर्षं."

"तेवीस वर्सं?" गेणूला खरंच आश्चर्य वाटलं. "मंग लय टिकलं की ओ!"

रेल्वेवाल्यांची बोलायची रीतच अशी रोकडी असावी, असं मनाला समजावून जीवनराव म्हणाले, "ते असू द्या. रविवारी या. एकटे नको, सहकुटुंब या. जेवायलाच या."

पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग उत्तर आलं, "असं आजवर कोनी बोलावलं नाय ओ आमाला. येतो. समदे येतो."

"डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या," जीवनरावांनी सुवर्णाला सांगितलं. सुवर्णाने देवापुढे साखर ठेवली आणि पुरणाची डाळ निवडायला घेतली.

दुसऱ्याच दिवशी, जीवनराव स्टोअरमध्ये असताना, वरचे सहा चौकोन वाजले. मागे लोखंडावर हातोडे पडल्याचा आवाज. प्लंबरच! समोर दोन कनिष्ठ लिपिक बसले होते, त्यामुळे जीवनरावांना आणखी जोर चढला.

"हां, बोला! झाली का आठवण?"

"नमस्कार. कळवायला जरा उशीरच झाला..."

"जरा? आलात, बघून गेलात, पोहे खाल्लेत आणि जे गेलात ते तोंड नाही दाखवलं!"

"तसं नाही हो, घरात जरा विचार चालला होता..."

"यात विचार कसला करायचा? जमत असेल तर हो म्हणा, नाहीतर मी दुसरा बघतो. नाशिकमध्ये तुमच्यासारखे छप्पन्न पडलेत!"

मग धोंडीराम जपून म्हणाले, "रविवारी येतो आम्ही. सात-आठ जण..."

"सात-आठ? जत्रा आहे का? दोन माणसं पुरेत. आणि आल्यावर बाहेरच्या खोलीत बसून राहायचं नाही. सरळ आत जायचं आणि आधी संडास बघायचा."

"संडास?"

"मग काय देवघर बघणार?"

"बरं," धोंडीराम म्हणाले आणि फोन ठेवला.

"असं बोलावं लागतं," जीवनराव लिपिकांना म्हणाले. "तरच कामं होतात."

रविवार उजाडला. पुरणाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता. साडेअकराला बेल वाजली, जीवनरावांनी सदऱ्याची बटणं चाचपत दार उघडलं. दारात गेणू. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर टिळा. मागे त्याची बायको भागीबाई काठापदराच्या लुगड्यात, म्हातारी आई कुसाबाई, दोन पोरी वेण्यांत अबोली माळलेल्या. हातात पेढ्यांचा पुडा.

"आज नको रे बाबा!" जीवनराव पुटपुटले. "आज पाहुणे यायचेत."

"आलो ना," गेणू हसून म्हणाला. "समदे आलो."

जीवनरावांच्या मेंदूत चौकोन फिरू लागले. ते एकेक करून जागेवर बसतायत तोवर फाटकाशी रिक्षा थांबली. धोंडीराम जेजुरकर उतरले, मागून मुलगा साई. दोनच माणसं. धोंडीरामांचा चेहरा परीक्षेला आल्यासारखा. सुवर्णा पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाली, "या, बसा ना."

"बसत नाही," धोंडीराम हात जोडून म्हणाले. "आधी संडास कुठे ते सांगा."

प्रवासात पोट बिघडलं असणार, असं वाटून सुवर्णाने बिचारीने लगबगीने वाट दाखवली. दार लागलं. आतून टाकी ओढल्याचा आवाज आला, मग ठोकल्याचा, मग पुन्हा ओढल्याचा. बाहेर सगळे उभे. दीपमाला वडिलांकडे टक लावून बघत होती.

पाच मिनिटांनी धोंडीराम बाह्या सरसावलेल्या अवस्थेत बाहेर आले. "वायसर गेलाय. पाना आहे का घरात?"

"माझ्याकडं हे," गेणू सवयीने पुढे झाला आणि ओशाळला. "पन आज नाय आनला. आज जेवायला आलोय ना."

साईने शेजारून पाना मागून आणला. त्यानंतर मुलाकडच्या माणसाने मुलीकडची टाकी दुरुस्त केली आणि प्लंबर बाजूला उभं राहून "जरा डावीकडं घ्या" असं सांगत राहिला.

हात धुऊन धोंडीराम कोचावर बसले आणि म्हणाले, "विधाते साहेब, तुम्ही फोनवर बोललात ते मला लागलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण मग वाटलं, माणूस खरं बोलतोय. आम्ही पोहे खाल्ले आणि गप्प बसलो, चूक आमचीच. असा रोखठोक व्याही मिळायला नशीब लागतं."

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. जीवनरावांनी ती ओळखली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावून म्हणाले, "मला आडून बोलता येत नाही."

आणि निभावलंही असतं. पण गेणूला राहवलं नाही. "साहेब, टाकी काय एवढी जुनी वाटत नाय ओ. तुमी तर फोनवर म्हनले तेवीस वर्सं झाली म्हनून!"

सगळ्यांच्या माना जीवनरावांकडे वळल्या.

"बाबा," दीपमाला अगदी हळू म्हणाली, "टाकी तेवीस वर्षांची नाही. मी आहे."

साईला सगळ्यांत आधी कळलं. तो हसायला लागला तो थांबेचना, ठसका लागला, भागीबाईने त्याच्या पाठीवर थोपटलं. मग सुवर्णाने नवऱ्याकडून सगळं काढून घेतलं, चौकोनांसकट. धोंडीरामांनी शांतपणे ऐकलं. सुवर्णाचा जीव टांगणीला. आता उठतात की काय!

"म्हणजे ते मला नव्हतंच?" धोंडीराम म्हणाले.

"नाही हो! तुम्हाला मी कशाला..."

"अहो, मग मला बोलू तरी द्यायचं! मी होकार कळवायलाच फोन केला होता. ह्या दोघांना आधी आपापसांत बोलायला वेळ हवा होता, म्हणून आम्ही थांबलो होतो. त्यांचं ह्याच आठवड्यात ठरलं."

जीवनरावांनी लेकीकडे पाहिलं. "तुझ्याकडे यांचा नंबर होता?"

"सगळ्यांचे आहेत," दीपमाला म्हणाली. "तुम्ही विचारलंत कुठे?"

गेणू मात्र उठून उभा राहिला होता. चेहरा उतरलेला, हात पोरींच्या खांद्यावर. "म्हंजी आमाला चुकून बोलावलं. येतो वैनी. चला गं."

"कुठे निघालात?" सुवर्णा म्हणाली. "ह्यांचं चुकलं असेल, माझ्या पोळ्या काही चुकून झाल्या नाहीत. आजी, तुम्ही इकडे भिंतीला टेकून बसा." आणि तिने पहिलं ताट कुसाबाईपुढे ठेवलं, दुसरं धोंडीरामांपुढे. जीवनरावांना वाढायला उभं केलं.

जेवताना साखरपुडा गुरुवारी करायचा ठरला. तेव्हा जीवनरावांना आपलं घरातलं स्थान जरा सावरावंसं वाटलं. हातातलं तुपाचं भांडं खाली ठेवून ते गंभीरपणे म्हणाले, "गुरुवार कठीण आहे. स्टोअरची वार्षिक तपासणी सुरू आहे. सगळा भार माझ्यावर. साहेब मला एक दिवससुद्धा सोडणार नाहीत."

सुवर्णाने हात पुसले, आपला साधा फोन घेतला आणि साहेबांच्या घरचा नंबर पाठ होता तो लावला. रजेचं विचारलं. दोन वाक्यं ऐकली, "बरं, सांगते," म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" जीवनरावांनी विचारलं. सगळी पंगत ऐकत होती.

"म्हणाले, एकच दिवस कशाला वहिनी, चांगला आठवडाभर ठेवून घ्या. तपासणी लवकर उरकेल."