मुहूर्त, मास्तर आणि ज्वारीचा दाणा

शालिग्राम मास्तरांनी धामणगाव बढ्यात जाहीरच करून टाकलं, "भाचीची मंगलाष्टकं यंदा कॉम्प्युटरवर होणार!"

चाल मास्तरांची, आवाज मास्तरांचा, तबला-पेटी कॉम्प्युटरची. सॉफ्टवेअर फुकट.

"फुकट काऊन?" बहीण बेबीताईला शंका आली. "चोरीचं त नाही?"

"अवं, गावच्या विहिरीसारखं असते ते. कोणीबी पाणी भरावं, कोणीबी गाळ काढावा!"

तीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं म्हणायच्या त्या गोजरबाई मावशी. त्यांना मास्तरांनी पहिल्या रांगेत खुर्ची दिली. मावशी तिच्यात तपासणीला आलेल्या शिक्षणाधिकाऱ्यासारख्या बसल्या.

उंद्रीचे व्याही हिंमतराव मुहूर्ताचे कडक. "अकरा बावन्न. एक मिनिट सरकलं, त नवरदेव माघारी!"

अंतरपाट धरला गेला. मास्तरांनी लॅपटॉपची चालू-बंद करायची लांब पट्टी दाबली आणि मांडव गहिवरला! पहिलं 'सावधान', अक्षदा. दुसरं, तिसरं, चौथं. चौथ्यानंतर पुन्हा तिसरं आलं. मग चौथं. मग तिसरं!

आदल्या दिवशी तबला जुळवायला मास्तरांनी तेवढाच तुकडा फिरता ठेवला होता. तो इमानदारीने फिरत होता.

मास्तरांनी पट्टी दाबली. दबेना! खाली अक्षदेची ज्वारी जाऊन बसली होती. माऊस शोधला, तर तो हिंमतरावांच्या बुडाखाली.

अकराव्या 'सावधान'ला अक्षदा संपल्या. लोक खालच्या वेचून फेकू लागले. अंतरपाट धरणारे आळीपाळीने हात बदलू लागले.

"मास्तर, पोरगं म्हातारं होऊन राह्यलं!" हिंमतराव गरजले.

स्पीकरवाला बशीर वायर धरून उभा. "मास्तर, खेचू का?"

"नको बे! मधातच तुटलं त अपशकुन!"

गोजरबाई उठल्या. "बशीर, खेच."

बशीरने वायर खेचली. घड्याळात अकरा एक्कावन्न. मावशींनी माईकशिवाय शेवटचं अष्टक असं उचललं, की मांडवाबाहेरचे बैलसुद्धा रवंथ करायचे थांबले. बावन्नला अंतरपाट पडला. बँड वाजला. हिंमतराव चक्क हसले!

मास्तर मांडवामागे टाचणीने ज्वारी उकरत बसले. मावशी आल्या, तशी त्यांनी मान खाली घातली.

"चाल गोड हाये रे तुही. माह्या गळ्यातली मंगलाष्टकं भरशीन त्याच्यात? साखरखेर्ड्याचं लग्न हाये पुढच्या महिन्यात."

मास्तर ताडकन उठले. "हाव मावशी! हे पाहा, इथून चालू होते..."

"ते मंग," मावशी खुर्ची ओढत म्हणाल्या. "आधी बंद कुठून होते, ते दाखव."