आप्पांच्या गच्चीवरचा आकडा

आमचे शेजारी आप्पा यंत्रासमोर श्वास घेत नाहीत. चप्पल जिन्यात काढतात, गाल फुगवून जवळ जातात, आकडा वाचतात आणि दहा पावलं मागे येऊन मग दम सोडतात. "मन्हा श्वास मोजाई गया तं?" असं त्यांचं म्हणणं.

यंत्र हवेतली बारीक धूळ मोजणारं. मी नंदुरबारच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो. आमच्या घरांमागेच मिरची वाळवायच्या पथाऱ्या. हंगामात मैदानं लाल आणि माणसं शिंकून बेजार. तिथली हवा मोजायचं ठरलं तेव्हा आप्पा स्वतःहून म्हणाले, "मन्ही गच्ची शे ना!"

लावण्याआधी आठ दिवस मी ते कॉलेजच्या मोठ्या यंत्राशेजारी ठेवलं, आकडे जुळवून घेतले. सगळं चोख. आणि आप्पांच्या गच्चीवर चढल्यापासून रोज सकाळी सातला आकडा थेट तीनशेवर! सातला पथारीवर चिटपाखरू नसतं. माझं डोकंच चालेना. काढलं, पुसलं, पुन्हा मोठ्या यंत्राशेजारी ठेवलं. पठ्ठ्या शहाण्यासारखा वागला. परत गच्चीवर लावलं, परत तीनशे.

आप्पा तर माझ्याहून गोंधळलेले. दिवसातून चारदा हाक: "मास्तर, आज कितला? काय भानगड शे भो?" मी म्हणायचो, बघतो. काय बघणार, कप्पाळ! आणि या माणसाला आकड्याची एवढी घाई कसली, तेही कळेना.

शेवटी एके दिवशी पावणेसातलाच जिना चढलो. बघतो तर आप्पा पाठीला फवारणीचा पंप लावून यंत्राभोवती पाण्याचं बारीक धुकं सोडताहेत! अगदी मनापासून, चारी बाजूंनी, कपाशीला मारावं तसं.

"अहो आप्पा, हे काय!"

"पाणी मारी ऱ्हायनू. धूय बसी जास ना!"

हसू की रडू? त्या यंत्राला धूळ आणि पाण्याचा थेंब यांतला फरक कळत नाही, दोन्ही मोजतं ते, असं मी सांगितलं. आप्पांनी पंप पाठीवरून उतरवून खाली ठेवला.

"म्हंजे आकडा मीच वाढाडा?"

मग उलगडा झाला. काकूंना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, दमा. पथाऱ्या सुरू झाल्या तशी मुलगी त्यांना सुरतला घेऊन गेली होती. आकडा पन्नासच्या खाली आला की आईला आणून सोडते, असं तिने बजावलेलं. "दोन महिना व्हई ग्यात," आप्पा म्हणाले. "च्या बी एकलाच पेस."

मला फार वाईट वाटलं. एवढे दिवस मी यंत्रच तपासत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पंप बंद. सकाळी सातला आकडा अडतीस! मीच ओरडलो, "काढा फोटो, पाठवा मुलीला!" आप्पांनी फोटो काढला, पण पाठवला नाही. दुपारी बाया पथारीवर मिरची उलथायला लागल्या, तेव्हा ते पुन्हा वर आले. एकशे साठ.

मग त्यांनी सुरतला फोन लावला. काकूंचा आवाज मलाही ऐकू आला. "आज कितला शे?"

"एकशे साठ. तू तठेच ऱ्हाय," आप्पा म्हणाले. "मन्हं काय, मी मजामा शे."

फोन ठेवला, आणि सकाळचा अडतीसचा फोटो शोधून त्यांनी पुसून टाकला.