सहावा कप

"बाबा, 'सेट' म्हणजे काय? बाईंनी उद्या वर्गात चार अर्थ सांगायला सांगितलेत," थोरलीने विचारलं आणि बाबांच्या हातातला घास हातातच राहिला.

बाबा फरश्या बसवायचं काम करत. इंग्रजी म्हटलं की पोरं थेट वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे पळत, आणि ते बाबांना मनातून फार लागत असे. आज मास्तर परगावी गेले होते. शिवाय शब्दही नेमका रोजच्या कामातला निघाला!

"चारच ना? बसा. आपण तोंडी शिकवत नसतो, करून दाखवतो."

त्यांनी आईचे जपून ठेवलेले सहा कप टेबलावर मांडले. "हा झाला सेट. सहा सख्खी भावंडं." मग घड्याळाला दहा मिनिटांनंतरचा गजर लावला. "हा सेट केला." धाकट्याचे विस्कटलेले केस पाण्याने चापून बसवले. "हेही सेट." शेवटी घमेल्यात थोडंसं झटपट सुकणारं सिमेंट कालवून ते कपांशेजारीच ठेवलं.

"आता हे सेट होणार. आणि एक पक्कं ध्यानात ठेवा. सेट होत असताना आभाळ कोसळलं तरी हात लावायचा नाही!"

एवढं बजावून ते खुशीत आंघोळीला गेले. आतूनच त्यांनी गजर ऐकला आणि पोरांचा दुसरा अर्थ पाठ झाला म्हणून स्वतःवर खूश होऊन आणखी दोन तांबे अंगावर ओतले.

अर्ध्या तासाने बाहेर येऊन बघतात तर टेबलावर पाचच कप. सहावा सिमेंटमध्ये उभाच अर्धा रुतून घट्ट बसलेला!

"गजर वाजला तसा मी दचकलो," धाकटा म्हणाला. "माझा कोपर लागला."

"अरे, मग लगेच काढायचा ना!"

"आम्ही काढणारच होतो," थोरली म्हणाली. "पण तुम्हीच म्हणालात ना, हात लावायचा नाही!"

तेवढ्यात आई बाहेरून आली. तिने टेबलाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि उरलेले कप एकेक करून मोजले. बाबांना त्या मोजण्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी थोरली घमेल्यातून सुटलेला तो कपासकटचा सिमेंटचा दगड पिशवीत घालून शाळेत घेऊन गेली. संध्याकाळी बाबा दारातच उभे होते.

"हसल्या का बाई?"

"खूप! सगळा वर्ग हसला. पण बाई म्हणाल्या, हे चार अर्थ आता कुणी जन्मात विसरणार नाही."

बाबांचा ऊर भरून आला. आईने तो दगड घासूनपुसून घेतला, त्यातल्या कपात चहा ओतला आणि बाबांपुढे ठेवला. "माझा सहाचा सेट आहे. तो मी मोडणार नाही. आजपासून हा तुमचा."

बाबांनी दोन्ही हातांनी दगड उचलून घोट घेतला. आयुष्यात इतका गोड चहा त्यांनी प्यायला नव्हता.

तेवढ्यात मास्तर परत आल्याची चाहूल जिन्यावर लागली. थोरली वही घेऊन उठली, दाराकडे गेली आणि वळून बाबांशेजारी येऊन बसली.

"बाबा, बाईंनी नवा शब्द दिलाय."

कुठला, हे ऐकायला आई थांबली नाही. तिने उरलेले पाच कप उचलले आणि सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवले.