पंप द्या, पंप घ्या

“इन्फ्यूजन पंप? आणि माझ्या वॉर्डात लपवलेला? छे हो!” बायकोने इतक्या निरागस चेहऱ्याने सांगितलं की पंपदादा क्षणभर फसलेच. पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायको निरागस दिसायला लागली की सावध व्हायचं, एवढं त्यांना कळत होतं.

पंपदादा म्हणजे इस्पितळातल्या यंत्रांचे डॉक्टर. रुग्णाच्या शिरेत ठरल्या वेगाने औषध सोडणारे पंप बिघडायच्या आतच तपासायचे, वेग मोजायचा, नळी दाबली की भोंगा वाजतो ना ते बघायचं आणि वर हिरवा स्टिकर डकवायचा, हे त्यांचं दरवर्षीचं काम. बायको त्याच इस्पितळात दुसऱ्या मजल्यावरची मुख्य सिस्टर. गेल्या वर्षी सुटे भाग मिळेनात म्हणून काही पंप वर्कशॉपमध्ये महिनोन्‌महिने धूळ खात पडले होते. तेव्हापासून सगळ्या सिस्टरांनी धसका घेतला होता. तपासणीची कुणकुण लागली की पंप गडप!

एरवी पंपदादांनी हसून सोडून दिलं असतं. पण यंदा आक्रीत घडलं होतं. नवराबायकोला एकाच वेळी रजा मिळाली होती आणि संध्याकाळच्या बसने दोघं समुद्रावर निघणार होते. लग्नानंतर पहिल्यांदा! साहेबांची अट एकच, सगळे पंप तपासून झाल्याशिवाय हलायचं नाही.

“अगं, आपली रजा अडकलीय त्यात!”

“म्हणूनच सांगते, माझ्या वॉर्डात वेळ घालवू नका. बाकीच्यांकडे बघा.”

पंपदादांनी डोकं लढवलं. स्टोअरमध्ये नवे पंप येऊन पडले होते, वाटप व्हायचं होतं. त्यांनी साहेबांना पटवलं आणि सगळ्या वॉर्डांत फोन फिरवला, “आज पंप आणून द्याल तर आजच परत मिळेल. शिवाय नवे वाटताना तुमचा नंबर पहिला!”

मग काय विचारता! चादरींच्या ढिगाखालून पंप निघाले, मोडक्या व्हीलचेअरमागून निघाले. एका सिस्टरने तर दुपट्यात गुंडाळून, तान्हं बाळ आणावं तसा पंप आणला. साहेब मोजायला आले आणि हरखूनच गेले.

“अहो, आपल्याकडे असायला हवेत त्यापेक्षा दोन-तीन जास्तच भरले की! भंगारात गेले म्हणून यादीतून कमी केलेले, तेही जिवंत आहेत. वा! सगळे तपासा. आजच!”

पंपदादांनी घड्याळाकडे बघितलं. त्यात सिस्टर मंडळी जागची हलेनात.

“आमच्या डोळ्यांसमोर तपासा दादा. तुमचं ‘आजच’ आम्हाला माहितीय.”

तेवढ्यात बायको हात हलवत आली आणि तिने वर्कशॉपचा ताबाच घेतला. “नुसत्या उभ्या काय राहता ग? तू पाणी भर, तू नळ्या लाव, तू मोजपात्र धर!” बघता बघता टेबलं, खुर्च्या, खिडकीची कड, सगळीकडे पंप चालू झाले. नळ्या दाबायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी उत्साहाच्या भरात एकदमच दाबल्या.

असा काही कल्लोळ उठला की विचारू नका! सगळे भोंगे एकसाथ बोंबलायला लागले. इमर्जन्सीचे डॉक्टर ट्रॉली ढकलत धापा टाकत दारात हजर.

“पेशंट कुठाय?”

“हे काय, खोलीभर पसरलेत!” दुपटेवाली सिस्टर म्हणाली. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. डॉक्टरही हसले, आणि बायकोने त्यांच्याही हातात स्टिकर दिले.

शेवटचा स्टिकर लागला तेव्हा बस सुटायला थोडाच वेळ उरला होता. साहेबांनी पाठ थोपटली, सिस्टरांनी आपापले पंप कवटाळले आणि दोघं बॅगा घेऊन जे पळाले ते थेट बसमध्ये. जागा मिळाली, खिडकी मिळाली, वारा सुटला. पंपदादांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी बायकोचा हात चक्क हातात घेतला.

“तू होतीस म्हणून जमलं गं. पण वॉर्ड सोडून चार दिवस राहवेल ना तुला? पंप कमी पडले तर?”

“कमी कसे पडतील? एक ठेवलाय ना कपाटात.”

पंपदादांचा हात हातातच राहिला.

“म्हणजे... तू दिलाच नाहीस?”

“मोजणीत उलट जास्तच भरले. मग मी कशाला मध्ये बोलू?”

“अगं, न तपासलेला पंप! कुणी रुग्णाला लावला म्हणजे?”

“लावतंय कोण? कपाटाला कुलूप आहे.”

“आणि किल्ली?”

बायकोने पर्स उघडून किल्ली दाखवली.

“मग तिथे असून उपयोग काय त्याचा?”

“उपयोग नाही कसा? निर्धास्तपणे समुद्र बघता येतो,” ती म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून शांत झोपून गेली.