डावीकडे कोण बसतला?

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर माझ्या सहीची एक नोटीस तीन वर्षं लागलेली होती : ‘रविवारी संध्याकाळी पाच ते सहा गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालू नये. परबांची गाडी उघडी असते.’

उघडणाऱ्या छपराची, दोनच सीटची, हळदीच्या रंगाची स्पोर्ट्स कार अख्ख्या भांडुपमध्ये मी तरी ही एकच पाहिली. परबकाका मूळचे मालवणकडचे, आयुष्य गॅरेजात गेलेलं. पुरात बुडाली म्हणून एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेली ही गाडी त्यांनी स्वतःच्या हातांनी पुन्हा उभी केली. रोज सकाळी ते तिला जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पुसत. “टॉवेलान चरे पडतत,” हे मी सेक्रेटरी झाल्यापासून शंभरदा तरी ऐकलंय. गेलं वर्षभर मात्र गाडी गेटबाहेर पडली नव्हती. रविवारी पाच वाजता काका छप्पर उघडत, कंपाउंडमध्ये एकट्याने पाच फेऱ्या मारत, आणि दुसऱ्या मजल्यावरून सुमनकाकू प्रत्येक फेरीला हात करत.

“सेक्रेटरीबाई, गाडी विकूक काढलंय,” एके दिवशी ते म्हणाले. “तुमी याद्या करतास ना? करा.”

मी केली. फोटो, कागदपत्रं, पीयूसी, येणाऱ्यांच्या वेळा. शेवटचा मुद्दा : डाव्या सीटवरच्या तीन उशा काढणे. तेवढा एक त्यांनी खोडला.

पहिला आला वाकोल्याचा जिमवाला. इंजिन ऐकून खूश. “झकास काका, मक्खन! आजच टोकन देतो.”

“डावीकडे कोण बसतला?”

“कोण नाय. बॅग ठेवीन.”

“मग टेम्पो घे.”

देवनारहून आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, डावीकडे कुत्रा बसेल. काका जरा विरघळले. मग म्हणाले, “त्याका वारो आवडात हो. पण तो तुमका तसा सांगूचो नाय.” तिसऱ्याला गाडी लग्नाच्या वरातींना भाड्याने द्यायची होती. “रोज नवीन जोडी बसेल काका!” त्याला तर काकांनी चहासुद्धा विचारला नाही.

माझ्या तक्त्यात ‘नकाराचं कारण’ असा रकाना होता. सात ओळींत एकच कारण लिहून मी वैतागले. “काका, गाडी विकायचीय की मुलगी द्यायचीय?”

ते हसले. वर काकूंच्या गॅलरीकडे बघून आवाज खाली आणला. “गाडी बुटकी. हिचे गुडघे वाकनत नाय. एक उशी घातलंय, मगे दोन, मगे तीन. बसली. उतरताना मी आणि वॉचमन, दोघांनी ओढून काढली. पयल्यांदा हसली. दुसऱ्यांदा रडली. मगे म्हणाली, तुमी जावा, मी वरसून बघतंय.” साडीचा तुकडा त्यांनी घडी करून खिशात घातला. “एकट्यान काय करूचा त्या वाऱ्याचा?”

हे कुठल्या रकान्यात लिहायचं, मला समजेना.

आठवं आलं घाटकोपरचं एक तरुण जोडपं. तो बॉनेट उघडायला धावला. ती सरळ डावीकडे, त्या तीन उशांवर जाऊन बसली आणि ओरडली, “ए, इंजिन काय बघतोस रे! आधी छप्पर उघड ना!”

काकांनी प्रश्न विचारलाच नाही. किल्ली तिच्या हातात दिली, आणि उशा तेवढ्या काढून घेतल्या.

पुढच्या रविवारी पाच वाजता मी नोटीस काढायला खाली गेले. यादीत होतं ते. कंपाउंडमध्ये एक रिक्षा उभी होती, आणि काका तिच्या मागच्या सीटवर एक उशी मांडत होते. एकच. वॉचमनच्या खांद्यावर हात ठेवून काकू चढल्या आणि डावीकडे बसल्या. चढल्या म्हणजे अक्षरशः एका दमात.

“वारो लागतलो मां हो?” त्यांनी विचारलं.

“लागतलो मगे! दोनय बाजून!”

“जाना किधर है, काका?” रिक्षावाला घाईत होता.

“ऐरोली पूल. धीरे चलाव. बाईसाब बैठी है.”

रिक्षा हलली. काकूंनी मला हात केला. गेटपाशी वळताना, मागे उजवीकडे बसलेल्या परबकाकांनी सवयीने हात बाहेर काढून वळायचा इशारा दिला.