निळ्या दाराची कॉफी

"निळं दार, खिडकीतून क्रेन दिसते, मालकाला मिशा, आणि तू आत शिरलास की न विचारता कप पुढ्यात येतो. बरोबर ना?" ताईनं फोनवर विचारलं. "येत्या नाही, पुढच्या रविवारी येतेय मी. गाडीतून उतरले की आधी तिथेच ने मला."

मोजणीदारानं "हो हो" म्हणून फोन ठेवला आणि तो पलंगाच्या कडेवर बसला. आज गुरुवार. हातात दहा दिवस होते, आणि असं दुकान या शहरात नव्हतंच.

आठ वर्षांपूर्वी तो बंदरावर गोण्या मोजायच्या नोकरीला लागला, तेव्हा ताईनं पहिल्याच फोनवर विचारलं होतं, "तिथे तुझं कोण आहे रे?" ताई त्याला आईच्या जागी. कोणी नाही म्हटलं असतं, तर तिच्या घशाखाली घास उतरला नसता. समोरून कॉफीच्या गोण्या चालल्या होत्या, म्हणून तो बोलून गेला, "आहे ना, एक कॉफीवाला आहे." मग दर गुरुवारच्या फोनवर कॉफीवाल्याला आधी मिशा फुटल्या, मग दुकानाला दार आलं, दाराला रंग आला. ताईनं तीस वर्षं शाळेत शिकवलेलं. ऐकलेलं विसरणं तिला माहीत नव्हतं. तीही तिच्या शेजारणीच्या गोष्टी सांगायची. शेजारीण रोज सकाळी सहाला दार वाजवते आणि दोघी फिरायला जातात, हे ऐकून याला बरं वाटायचं.

प्रत्यक्षात तो ऑफिसातल्या मशीनची कॉफी प्यायचा. ती कधी गरम असायची, कधी कॉफीच्या रंगाची असायची. दोन्ही एकाच दिवशी असल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. आता दुकान सापडलं नाही तर कॉफीचं एक सोडा, भाऊ आठ वर्षं एकटाच जेवतोय हे ताईला कळणार होतं. 

दुसऱ्या दिवशी त्यानं क्रेन चालवणाऱ्या बाईंना गाठलं.

"वरून मला सगळं शहर दिसतं," बाई म्हणाल्या. "निळी दारं तीन आहेत. एक न्हाव्याचं, एक दाताच्या डॉक्टरचं आणि तिसरं सार्वजनिक संडासाचं."

"आणि कॉफी?"

"कॉफी वरून दिसत नाही. तू आधी कॉफी शोध, दाराचं मागून बघू. दाराला रंग देता येतो."

उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच, असं त्याच्या मनात आलं. पण सल्ला खोटा नव्हता. संध्याकाळी पाळी संपल्यावर तो निघाला. काचेची मोठी, सगळीकडे एकसारखी दिसणारी दुकानं त्यानं वगळली. ताईला मालकाचं स्वतःचं दुकान सांगितलं होतं. गोदामांच्या मागच्या गल्लीत त्याला पहिलं सापडलं. जुन्या दोरखंडाच्या दुकानात टेबलं मांडली होती. कॉफी आली, त्यानं ती प्यायली आणि तिथेच घोटाळा केला.

मोजणीदाराला माल बघून नुसतं उठून जाणं ठाऊक नव्हतं. गोणी ओली असेल तर 'ओली' लिहायचं, फाटकी असेल तर 'फाटकी', आणि खाली देणाऱ्याची सही घ्यायची. हात सवयीनं चालला. त्यानं वहीत लिहिलं, 'कॉफी एक कप, जळकी', आणि वही मालकापुढे सरकवली.

"इथे सही करा."

"सही? कसली सही?" दोरवाला कडाडला. "तुम्ही कोण?"

"मोजणीदार."

"मग पायऱ्या मोजत खाली उतरा!"

दुसरा कोणी असता तर पुन्हा तिकडे फिरकला नसता. पण खराब मालाची दुसऱ्या दिवशी फेरतपासणी करायची, हा बंदराचा नियम. तो शनिवारी पुन्हा गेला. दोरवाल्यानं टेबलावर कप आदळला.

"कालच्यापेक्षा बरी," मोजणीदार म्हणाला. "पण पलीकडच्या गल्लीत चष्मेवाल्या बाई आहेत, त्यांची काल इथून जाऊन प्यायलो, ती अशी कडवट लागत नाही."

"हो का?" दोरवाल्यानं हळूच खुर्ची ओढली. "काय करते काय ती?"

काय करते हे मोजणीदारालाही माहीत नव्हतं. म्हणून तो विचारायला गेला. चष्मेवाली म्हणाली, "त्याला सांगा, पाणी उकळतं ओतू नको. आणि काय हो, कोपऱ्यावरचे ते जुळे भाऊ बिया कधी भाजतात?" मग तो जुळ्या भावांकडे गेला. भावांनी त्याला भाजणीचा वास घ्यायला लावला, दाणा दातानं फोडायला लावला, आणि दोरवाल्याचं दळण जाड असतं की बारीक ते विचारून यायला पिटाळलं. तिघांची दुकानं हाकेच्या अंतरावर, पण मानापायी एकमेकांच्या उंबऱ्यावर कोणी पाय ठेवत नव्हतं.

मोजणीदाराला आता झोपेतही प्रश्न पडत होते. एकाच जहाजातून आलेली गोणी तीन दुकानांत तीन चवींची कशी होते? आठ वर्षांत लाखभर गोण्या त्यानं मोजल्या, आणि आत काय आहे हे एकदाही विचारलं नव्हतं, याची त्याला लाज वाटली.

शेवटी त्यानं चष्मेवालीची कॉफी पसंत केली. पण दार तपकिरी, खिडकीसमोर भिंत, आणि मिशांचा प्रश्न होताच. त्यानं तिला सगळं खरं सांगितलं. ताई रविवारी इथे येणार, हे दोरवाल्याच्या आणि जुळ्यांच्याही कानावर घातलं.

"मिशा माझ्या नवऱ्याला आहेत," ती म्हणाली. "कॉफी येत नाही त्याला. पण उभा राहील."

क्रेनच्या बाईंना रविवारी कामावर यायचंच होतं. क्रेनचं टोक भिंतीवरून दिसेल असं वळवून ठेवायचं त्यांनी कबूल केलं. शनिवारी संध्याकाळी मोजणीदारानं स्वतः दाराला निळ्या रंगाचे दोन जाड हात दिले.

रविवारी ताईनं पिशवी खांद्यावर टाकली आणि दार पुढे होऊन स्वतःच ढकललं. आत मिशीवाला ताठ उभा होता.

"नेहमीचंच ना? आठ वर्षं नेहमीचंच!" तो एका दमात म्हणाला आणि त्यानं कप ताईच्या पुढ्यात ठेवला. खिडकीत, समोरच्या भिंतीच्या वर, क्रेनचं टोक उत्साहानं वरखाली होऊ लागलं.

ताई मात्र स्वतःच्या तळहाताकडे बघत होती. तळहात निळाभोर झाला होता.

"आठ वर्षं ऐकतेय निळं दार, निळं दार," ती म्हणाली. "अजून वाळलं नाही होय रे?"

मिशीवाल्यानं बायकोकडे बघितलं. मोजणीदारानं खाली बघितलं.

"म्हणजे तुझं इथे कोणीच नाही," ताई हळू आवाजात म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

इतक्यात दार धाडकन उघडलं. दोरवाला थर्मास घेऊन आत आला. "ताई आल्या का? आधी माझी प्या. यांनी चार वेळा नापास करून वहीत माझी सही मागितलीय!" त्याच्या मागून जुळे भाऊ घुसले. "हा माणूस काल आला नाही. आम्ही भाजणी थांबवून बसलो होतो. आजारी आहे की काय?"

"दार रंगवत होता," चष्मेवाली म्हणाली. "आणि तुम्ही तिघं माझ्या दुकानात?"

तिघांनी आपापले निळे तळहात बघितले. मग मोजणीदारानं रोज कुणाच्या दुकानात बसायचं, यावरून जी जुंपली, ती ताई तोंडाला पदर लावून ऐकत राहिली. ती हसत होती.

"तुझ्या शेजारीणबाईंनाही आणायचं होतंस," मोजणीदार धीर करून म्हणाला.

ताई कपात चमचा फिरवू लागली. ती साखर घेत नसे.

"ती तुझ्या या दारामागेच राहते, बाबा," ती म्हणाली. "सहाला कोणी दार वाजवत नाही. मीच उठते, मीच फिरून येते."

मोजणीदारानं तिचा निळा हात धरला. तोही निळा झाला.

"नवीन माणसाला न मागता कप मिळायला इथे किती दिवस लागतात रे?" ताईनं विचारलं.

त्यानं वही काढून मोजलं. "नऊ. पण भांडलीस तर चार."

ताईनं डोळे पुसले, कपातला एक घोट घेतला आणि ती चष्मेवालीकडे वळली.

"जरा पातळ झालीय हो," ती म्हणाली. "कुठे सही करताय?"